मोटारीची हळद

तापलेल्या हळदीचा वास आला की मला मळमळतं. फोडणीतली हळद चालते. पण लोखंडावर करपलेली, रॉकेल लागलेली हळद नुसती आठवली तरी घशाशी येतं. नात्यात लग्न निघालं की हळदीच्या दिवशी मी गावाबाहेर जातो. नातेवाईक म्हणतात, पत्रकं वाचून वाचून याचं डोकं फिरलं, याला देवधर्म नको. म्हणू देत. कारण पत्रकांत नाही. ते एका जुन्या मोटारीत आहे, आणि त्या मोटारीचा निम्मा मालक मी होतो.

माझे वडील मंगरूळपीरला प्राथमिक शाळेत मास्तर होते. इतरांच्या घरी पोथ्या असतात तशी आमच्या घरी सुधारणेची पत्रकं होती, खाटेखाली एक ट्रंक भरून. शिवाशीव, दारू, हुंडा, बालविवाह. मी अक्षरं त्यांवरच गिरवली, आणि गोष्टी ऐकायच्या वयात त्यातले परिच्छेद पाठ म्हणून दाखवले. अठराव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहून गुलाबी कागदावर छापून घेतलं. ते मुहूर्ताविरुद्ध होतं. आठवडी बाजारात मी ते वाटलं आणि संध्याकाळी त्याच बाजारात त्याच कागदात बांधलेली भजी विकत घेऊन खाल्ली. तेव्हा मला त्याचंही हसू आलं होतं. आता येत नाही.

गाडी घ्यायचं खूळ माझं. गावोगाव पुस्तकं न्यायची, अडलेल्या बाईला दवाखान्यात पोचवायचं, असा माझा विचार होता. पैसे माझे आणि हात माझ्या मित्राचे. तो दर्ग्यामागच्या गल्लीतला, पत्रेकाम करणाऱ्या घरातला. बादल्या, कंदील, धान्याच्या कोठ्या बनवायचा. चौथीपर्यंत माझ्याशेजारी बसला आणि मग हातोडीशेजारी. मी त्याला मिस्त्री म्हणायचो, तो मला पंडत म्हणायचा.

गाडी बंद पाठीची, मागे दार असलेली होती. आधी कापसाच्या जिनवाल्या एका शेठची, मग तंबूतला सिनेमा फिरवणाऱ्यांची, मग एका तेलवाल्याची. चौथा हात आमचा. आत तेलाचा राप इतका की उभ्या माणसाचा पाय सरकायचा. बाजूच्या पत्र्यावर सिनेमातल्या कुठल्याशा बाईचा अर्धा चेहरा रंगाखालून वर यायचा. मी दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा पावसाळा संपला की ती परत हजर.

महायुद्ध चालू होतं. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, टायर मिळायचेच नाहीत. आमच्या मागच्या चाकांत हवा नव्हती, सरकी काढल्यावर उरलेला केरकचऱ्याचा कापूस ठासून भरला होता. ब्रेकला चामडं, तेही जुन्या मोटेचं. स्प्रिंगच्या पाट्याचं एक पान तुटलं होतं, ते लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेच्या तुकड्याने जोडलेलं. चालू करताना पेट्रोल आणि मग रॉकेल, त्यामुळे मागून निघणारा धूर बघून लोक विचारायचे, आत चूल हाय काय?

आणि रेडिएटर. इंजिनापुढची पाण्याची जाळी. ती चार ठिकाणी गळायची. त्यावर सगळ्या मोटारवाल्यांचा एक उपाय असतो: पाण्यात मूठभर हळद टाकायची. गरम पाण्यात ती फुगते, भोकाशी जाऊन बसते, आणि दहा-पंधरा मैल गळती थांबते. मग पुन्हा मूठ. आमच्या सीटखाली हळदीचा एक पत्र्याचा डबा कायम भरलेला असायचा. रस्त्यावर मागे पिवळे थेंब आणि पुढे लग्नघराचा वास. पोरं ओरडत धावायची, “नवरदेव आला, नवरदेव आला!”

खरं तर जाळी उतरवून डाख देता आला असता. मिस्त्रीचा तो पिढीजात धंदा. पण त्यासाठी गाडी दोन दिवस उभी ठेवावी लागली असती. आम्ही म्हणायचो, या महिन्यानंतर करू. मग पुढच्या महिन्यानंतर.

“हे मोटार नाई, पंडत,” मिस्त्री म्हणायचा. “हे सासू हाय. रोज मनवा लागते, अन् मनली तरी कुरकुर करते.”

पुस्तकं न्यायचं लवकरच बंद पडलं. अडलेल्या बाया नेल्या, चार-पाच. त्यांच्याकडून भाडं घ्यायची मला लाज वाटायची आणि गाडीला लाज नव्हती, तिला रॉकेल लागायचं. शेवटी गाडी जगली ती लग्नसराईवर. वऱ्हाडं नेणं. ज्याच्याविरुद्ध मी पत्रकं लिहीत होतो तेच मी भाड्याने वाहायला लागलो.

मनाच्या समाधानासाठी मी एक नियम केला. गाडी ठरवायला येणाऱ्याला मुलीचं वय विचारायचं आणि वहीत लिहायचं. चौदाच्या आतली असेल तर गाडी नाही. कायदाच होता तसा. पहिल्या वर्षी दोघं-तिघं खरं सांगून परत गेले. ते पुन्हा आले नाहीत. पण पुढच्या वर्षीपर्यंत तालुकाभर कळलं की त्या मोटारवाल्याला सोळा सांगायचं असतं. मग सगळ्या नवऱ्या सोळाच्या झाल्या. मी विचारायचो, ते “सोळा संपली” म्हणायचे, मी सोळा लिहायचो, आणि वही मिटताना मला बरं वाटायचं. ते बरं वाटणं आठवलं की स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

मिस्त्री एकदाच म्हणाला, “तू इचारते, ते सांगते, गाडी चालते. चांगलं हाय. फक्त त्या वहीले कायदा म्हणू नोको.”

त्या वैशाखात किन्हीराजाचा एक माणूस गाडी ठरवायला आला. किन्हीराजाहून केनवडला जायचं. पुतणीचं लग्न होतं, तिचा बाप वारलेला, हा काका. मुहूर्त गोरज. मुलीला सोळा संपली होती. लग्न नवऱ्याच्या दारात होतं. आमच्याकडे वऱ्हाड मुलीच्या दारी येतं. मुलीलाच उचलून नेऊन लग्न लावतात तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे शेंबडं पोरही सांगेल. मी सोळा लिहिलं.

आम्ही सकाळी किन्हीराजाला पोचलो. वऱ्हाड म्हणजे दहा माणसं. काका मिस्त्रीशेजारी पुढे बसला, बाकीचे मागे माझ्याबरोबर. नवरी शालीत गुंडाळलेली, दाराजवळ. तिच्याजवळ तिची आई, कपाळ मोकळं, तोंडाला पदर. गाडी सुटल्यावर बायकांच्या बोलण्यातून मला कळायला लागलं. नवरा तिजवर होता, दोन बायका झालेला. मुलीला केनवडची उष्टी हळद लागायची होती, म्हणजे नवऱ्याच्या अंगाला लावून उरलेली, म्हणून इकडे तिला अजून काहीच लावलं नव्हतं. आणि काकाला नवऱ्याकडून गोऱ्ह्यांची जोडी मिळायची होती. हे शेवटचं एका म्हातारीने दुसरीला अगदी कौतुकाने सांगितलं. “दोन्ही पांढरी शुभ्र, माय! शिंगं अशी!” आणि तिने हातांनी शिंगं दाखवली.

मी ऐकत होतो आणि मला त्या म्हातारीचा, तिच्या हातांचा, गाडीतल्या तेलाच्या वासाचा, सगळ्याचाच किळस येत होता.

मालेगावला पाणी घ्यायला थांबलो. नवरीला गाडी लागली होती. ती उतरली, रस्त्याच्या कडेला ओकली. मी तांब्या दिला. चूळ भरता भरता ती थांबली, तोंडात बोट घातलं आणि काहीतरी बाहेर काढून तळहातावर धरलं. दाढ होती. दुधाची दाढ.

“कालपासून हलून राह्यली होती,” ती आईला म्हणाली. ओकल्याचं विसरून चेहरा खुलला होता. मग एकदम काळजीत पडली. “आता कोठी टाकू? छप्पर तर घरी राह्यलं.”

मुलीने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“भाऊ, मोटारीच्या छपरावर टाकली तर चालते?”

मी म्हणालो, चालते. तिने दाढ वर फेकली. पत्र्यावर टक्क वाजलं, घरंगळल्याचं ऐकू आलं नाही. ती समाधानाने वास घेत म्हणाली, “मोटारीले हळद काहून लावता तुमी? तिचं बी लगन हाय काय?”

ती गाडीत चढली. आई खाली राहिली. माझ्याकडे न बघता, पदरातून म्हणाली, “दादा, मोटार थोडी हळू नेता येईन काय?”

“काहून?”

“माहा भाऊ मागून येऊन राह्यला, दमणी जुंपून. तिचा मामा. ह्यायनं त्याले सांगतलंच नाई. मी कालच्या रोजी चोरून निरोप धाडला. तो म्हणे, लगन लागाच्या आधी गाठलं तर पोट्टी मी घेऊन जाईन. माह्या घरी राहीन, चार वर्षं राहीन.” तिने गाडीच्या चाकाकडे बघितलं. “पण दमणी ते दमणी. अन् हे मोटार.”

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला हवं, कारण पुढचं त्यातूनच झालं. मला आनंद झाला. आयुष्यभर कागदावर केलेली गोष्ट आज हाताने करायला मिळणार म्हणून मी आतून फुगलो.

“हळू कायले, माय,” मी म्हणालो. “बंदच पाडतो.”

मिस्त्री जाळीत पाणी ओतत होता. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणालो, हळद टाकू नको, पुढे माळावर गाडी उकळू दे.

“बंद पाडाची?” तो म्हणाला. “हे तर सोपं हाय, पंडत. चालू ठेवाची तेच जमत नव्हतं.” मग बादली खाली ठेवून म्हणाला, “पण त्या माईले एक बार इचार. कशानं अडते अन् कशानं नाई अडत.”

“मुहूर्त टळला की झालं.”

“असं तुले कोणं सांगतलं?”

“मी त्यावर पत्रक लिवलं हाय, मिस्त्री.”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि बादली उचलून उरलेलं पाणी ओतलं. तो दर लग्नसराईत हिंदूंच्या मांडवांसाठी कंदील आणि घंगाळं भाड्याने द्यायचा. मांडवाच्या कोपऱ्यात बसून त्याने जेवढी लग्नं पाहिली होती तेवढी मी पाहिली नव्हती. मी तर मांडवात जायचोच नाही. तत्त्व होतं ते माझं.

मालेगाव सोडून केनवडच्या रस्त्याला लागलो आणि तासाभरात गाडी उकळली. जाळीतून पिवळी वाफ निघाली, इंजिन खोकलं, आणि एका विहिरीजवळच्या लिंबाखाली मिस्त्रीने गाडी उभी केली. दुपार चढत होती. आसपास काळा नांगरलेला माळ, माणूस नाही.

काका उतरला. “काय झालं, मोटारवाले?”

“जाळी गेली, काका. पाणी राहत नाई.”

“विहीर तर समोर हाय. भरा पाणी.”

“भरलं तरी गळते. भोक बुजवाले हळद लागते.” आणि मग मी खोटं बोललो. “हळद संपली.”

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला चेव आला होता. मी म्हणालो, “काका, नवरीची गाडी वाटंत बंद पडली. हा काही चांगला शकुन नाई. वापस जावं, दुसरा मुहूर्त पाहावा.” अपशकुनाविरुद्ध ट्रंकभर कागद वाचून वाढलेला मी, तोच अपशकुन मी त्या माळावर विकायला काढला. आणि बायकांनी माना हलवल्या, तेव्हा मला तो खपतोय याचा आनंदही झाला.

आई लिंबाच्या बुंध्याला टेकून मागच्या रस्त्याकडे बघत होती. वैशाखाच्या उन्हात डोळ्यांवर हात धरून. तिच्यासाठी प्रत्येक मिनिट म्हणजे दमणीची दोन चाकं पुढे.

काका थोडा वेळ गाडीभोवती फिरला. मूर्ख नव्हता. त्याने भावजयीकडे बघितलं, ती ज्या रस्त्याकडे बघत होती त्या रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पुढच्या सीटची गादी उचलली आणि डबा बाहेर काढला. झाकण उघडलं. काठोकाठ पिवळा.

“संपली म्हणे,” काका म्हणाला.

मला वाटलं आता तो शिव्या देईल आणि जाळीत हळद टाकायला लावेल. मी उत्तरं जुळवत होतो. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. बायकांना हाक मारली.

“चला, पोट्टीले हळद लावा.”

“इथीसा?” एक म्हातारी म्हणाली. “अन् केनवडची उष्टी?”

“हळद ते हळद. तिकडची तिकडं पुन्हा लावतीन. चला, उठा.”

मला अजूनही कळलं नव्हतं. मिस्त्रीला कळलं. तो पुढे आला. “काका, ते लावू नोका. मोटारीची उष्टी हाय ते. रॉकेल पडलं हाय त्याच्यात.”

“हळद कधी इटाळत नाई,” काका म्हणाला, आणि आमच्या बादलीतलं पाणी डब्यात ओतलं.

मी आईकडे वळलो. तिच्या चेहऱ्यावरून मला समजलं. मुहूर्त हुकला तर दुसरा मिळतो, पुरोहित संध्याकाळपर्यंत चार काढून देतो. पण अंगाला हळद लागलेली मुलगी लग्नावाचून माघारी नेत नाहीत. तिला मग मामाही घेत नाही आणि गावही घेत नाही. अडायचं होतं ते इथे. किन्हीराजातली शेंबडी पोरगीसुद्धा हे मला सांगू शकली असती. पण माझ्या कोणत्याच पत्रकात ते नव्हतं, कारण ज्या रीतींची आम्हाला घृणा होती त्या कशा चालतात हे बघायची आम्हाला गरज वाटली नव्हती.

मी ओरडायला लागलो. कायदा सांगितला, शिक्षा सांगितली, मुलीची दुधाची दाढ आत्ता पडली ती मी पाहिली असं सांगितलं.

काका शांतपणे म्हणाला, “तुमच्या वहीत काय लिवलं हाय, मोटारवाले? सोळाच ना? ठाणेदाराले आपण दोघं मिळून दाखवू.”

सोळा माझ्याच अक्षरात होतं.

पाच सवाष्णी लागतात. तिघीच होत्या, म्हणून दोघींनी दोनदा लावली. आई विधवा, तिला हात लावायचा नव्हता. ती लिंबापाशीच उभी राहिली. म्हाताऱ्यांनी गाणं धरलं. कोणी सांगितलं नव्हतं, हळद दिसली आणि गाणं सुरू झालं, बैल मोट दिसली की चालायला लागतो तसं. मुलीने नाक मुरडलं. “घासलेटाचा वास येते,” ती म्हणाली. एकीने तिला गप्प केलं आणि गालावर थापली. केसांच्या कडेला रॉकेलचा तवंग चकाकत होता.

नंतर अर्ध्या तासाने दमणी आली. अर्ध्याच तासाने. मामा बैल थांबायच्या आत उडी मारून उतरला, हातात काठी होती. दहा पावलं चालला आणि थांबला. भाचीकडे बघत राहिला. तिने हात वर केला आणि हाक मारली, “मामा!” पिवळा हात.

“कोणं लावली?” त्याने विचारलं.

म्हाताऱ्यांनी पिवळे हात पदरात घेतले. तो दमणीच्या जुवावर बसला. विहिरीवर जाऊन पाणी प्याला. मग काठी दमणीत ठेवली, धोतर झटकलं आणि बहिणीजवळ जाऊन म्हणाला, “चाल. मागं मलेच उभं राहा लागते.” अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या मागे मामा उभा राहतो. तो त्या कामाला निघाला होता.

आई माझ्याकडे आली. आता तिने पदर धरला नव्हता.

“चालू करा, दादा,” ती म्हणाली. “हळदीच्या अंगानं पोट्टीले उन्हात ठेवू नये.”

डब्याच्या तळाला उरलेली हळद मी माझ्या हाताने जाळीत टाकली. मिस्त्रीने पाणी ओतलं. मी पुढे जाऊन हँडल मारलं. ती गाडी घेतल्यापासून कधीही आठ-दहा हँडलांशिवाय चालू झाली नव्हती. त्या दिवशी पहिल्या हँडलला झाली.

गोरजाच्या आत आम्ही केनवडला होतो. मी मांडवात गेलो नाही. ते तत्त्व शाबूत राहिलं. नवरा मी पाहिला नाही, गोऱ्हे पाहिले. खरंच पांढरे शुभ्र होते. भाडं घेतलं. हेही लिहितो. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण मागचं एक चाक फाटलं होतं आणि काकाने पैसे हातावर ठेवले, मी मूठ मिटली.

येताना काका आमच्याबरोबर नव्हता. गोऱ्ह्यांना घेऊन तो आणि बाकीचे पुरुष पायी येणार होते. मागे आई आणि त्या तीन म्हाताऱ्या. म्हाताऱ्या जेवणाबद्दल बोलत होत्या, बुंदी नासकी होती की नाही यावर त्यांचं भांडण चाललं होतं. आई दारापाशी, मुलगी सकाळी बसली होती त्या जागी बसली होती.

मंगरूळपीरला आल्यावर मी गाडीच्या छपरावर चढलो आणि दाढ शोधली. तिथे धूळ होती, कावळ्याचं पीस होतं, तेलवाल्याच्या काळातली दोरी बांधायची एक गंजलेली कडी होती. दाढ कुठल्यातरी खड्ड्यात उडून गेली असणार. खाली उतरलो आणि वही फाडली. त्याचं मिस्त्रीने काही कौतुक केलं नाही.

तो तोवर इंजिनापुढे बसून जाळीचे बोल्ट काढत होता. लग्नसराईचे ऐन दिवस होते, दोन भाडी ठरलेली होती. त्याने त्या दोघांना निरोप पाठवला की गाडी येणार नाही. मला विचारलं नाही. भाता पेटवला, नवसागर काढला, आणि चारही भोकांना डाख दिला. दोन दिवस लागले. नंतर मी माझा हिस्सा त्याला देऊन टाकला; गाडी अजून त्याच्याकडे आहे.

ती जाळी पुन्हा गळली नाही.